बत्तीस मात्रांचं थांबणं

६ जानेवारी, मंगळवार
काल दुसरी मैफल झाली. झाली म्हणायचं. खुर्च्या साठ, माणसं चौदा, त्यातले दोघे विद्यापीठ उपकेंद्राचेच शिपाई. पुण्याच्या मुलीनं सतारीवर एक सूर लावून तो विझू दिला. छान विझत होता. तेवढ्यात साउंडवाला रफीक माइकवर: "हॅलो, हॅलो, चेक."
नंतर त्याला फैलावर घेतलं. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं वायर निघाली. एवढा वेळ कोण गप बसतंय?"
त्याचं फार चुकलं नाही. आपल्याकडं गप्प झालं की काहीतरी बिघडलेलं असतं.

७ जाने.
संचालकांनी बोलावलं. या मैफलींच्या मालिकेचा नियम मीच घातलेला: जिवंत माणसानं रचलेलं, आजवर कुठं न वाजलेलं, तेवढंच. जुनी बंदिश नाही, अभंग नाही, भैरवी नाही. सं. म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या वेळी हॉल भरला नाही तर मालिका बंद. हॉल स्पर्धा परीक्षेच्या वर्गांना देतो. नाहीतर मध्ये दोन भक्तिगीतं घाला की." नाही म्हटलं. चहा न घेता आले.
तिसऱ्या मैफलीत माझी रचना आहे. संबळ आणि एक गळा. कॉलेजात सुरू केलेली. गुरुजी हसले होते, "संबळ? मैफलीत?" मग लग्न, शाळा, पस्तीस वर्षं प्रार्थना आणि स्वागतगीतं. वही कपाटात. आता चौसष्ट. आता नाही तर नाही.

१० जाने., शनि.
तुळजापूरला जाऊन आले. अंबादास गोंधळी. साठीचा माणूस, चार पिढ्यांचा हात. लिहिलेलं त्याला नको, बोल तोंडी सांगितले. दोनदा ऐकून मांडीवर वाजवून दाखवले. अचूक. चाळीस वर्षांनी माझी रचना माझ्या डोक्याबाहेर ऐकली, तीही कुणाच्या मांडीवर.
मग म्हणाला, "अन् देवांना कधी बोलवायचं?"
"बोलवायचं नाही. थेट संबळ."
हात मांडीवरून काढला. "बाई, देव बोलावल्याबिगर संबळावर काडी पडत न्हाय आमच्यात. अन् बोलावलं की आरती करून लावून द्यावं लागतंय. तुमचं तर ना दार उघडतंय, ना बंद व्हतंय."
मी मालिकेचा नियम सांगितला.
"तुमचा नियम दोन महिन्यांचा हाय, बाई."
तशीच परत.

१४ जाने., संक्रांत
नसरीन तिळगूळ घ्यायला आली. गाणार तीच. माझी जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत. म्हणाली, "बाई, त्यांना आतल्या खोलीत म्हणू द्या ना. लोकांसमोर नाही. त्यांचंही राहील, तुमचाही नियम राहील."
"बघू."
बघू म्हणजे हो, हे तिला पाचवीपासून माहीत आहे.

१७ जाने.
अं. तयार झाला. मंचामागच्या खोलीत देवांना बोलावणार, मग बाहेर येऊन माझं वाजवणार. शेवटच्या आरतीचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

२१ जाने.
तालीम. देवांना न बोलावता संबळाला हात नाही, म्हणून टेबलावर. शेवटी दोघं थांबतात. बत्तीस मात्रा काहीच नाही. मग संपतं.
अं. म्हणाला, "मंग?"
"मग काही नाही."
"अन् लोकांनी काय करायचं?"
"ऐकायचं."
"काय?"
ते सांगता आलं असतं तर ही रचना केली नसती.
रफीकला लेखी दिलं: शेवटी कुणी वाजवणार नाही, माइकला हात लावायचा नाही. कागद खिशात घालून म्हणाला, "आता भूकंप झाला तरी गप, मॅडम." या भागात ही थट्टा कुणी करत नाही. त्याचा जन्म त्र्याण्णवनंतरचा.

२४ जाने., शनि.
हॉल भरला. संबळ आहे हे कळून तुळजापुराहून दोन टमटम भरून माणसं आली. भिंतीला बायका उभ्या. खोलीतलं बोलावणं बाहेर ऐकू येत होतं, भिंत कसली, पत्राच. पुढच्या रांगेनं हात जोडले. मग अं. बाहेर आला. काडी पडली.
अकरा मिनिटं. एक चूक नाही. नसरीनचा तो वरचा निषाद. नाही, लिहिता येत नाही.
मग थांबले दोघं. मी मोजत होते. सहा, सात. कुणी खोकलंसुद्धा नाही. रफीक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. बारा. सोळा. हॉलभर माणसं आणि कुणालाच काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. एकोणीस.
विसाव्या मात्रेला अं.नं आरती धरली.
सगळा हॉल उभा. टाळ्या, आई राजा उदो उदो. सं. मंचावर चढून ताल धरायला लागले, तोही चुकीचा. नसरीन मान खाली घालून तशीच उभी.
आरतीला बसून राहिलेली मी एकटीच.

२५ जाने.
सकाळी नसरीन दारातूनच, "बाई, मी बत्तीसपर्यंत मोजलं." गेली.
दुपारी अं.चा फोन. "रागावलात का, बाई? देव बोलावलेले. तुमचं संपत आलं, पर ते उभेच. इसापर्यंत रेटलं. लई रेटलं."
फोन ठेवला. त्याचं खरं आहे. आरतीचं मी मुद्दाम विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो आलाच नसता.

२८ जाने., बुध.
उपकेंद्रात सत्कार. शाल, नारळ. मालिका चालू राहणार, पुढच्या वर्षी सहा मैफली. सं. : "अशाच करू. थोडं नवं, शेवटी आरती. लोक जोडले जातात, मॅडम." तसं पत्र तयार आहे, समन्वयक म्हणून माझी सही हवी.
घरी येऊन नियमाचा कागद काढून बघितला. आजवर कुठं न वाजलेलं, तेवढंच. माझं वाजलं. पुरं वाजलं नाही, पण वाजलं. माझ्याच नियमानं आता ते पुन्हा लावता येत नाही.
शाल कपाटात ठेवली. वहीची जागा होती तिथंच.

५ फेब्रु.
पत्र टेबलावर. सं.चे दोन फोन, उचलले नाहीत. वही जाळायला गॅसपर्यंत नेली. दूध वर येत होतं, ते उतरवलं. मग राहिलं ते राहिलंच. जाळणंसुद्धा धड...

९ फेब्रु.
नसरीनला रियाज बंद करू नकोस म्हणून सांगितलं. कशासाठी, असं तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१२ फेब्रु., गुरु.
दुपारी अं. दारात. जळकोटहून तुळजापूरला न उतरता थेट इकडं. खांद्याला संबळ. बसा म्हटलं तर बसेना.
"बाई, तुमचं ते काढून घ्या."
"काय?"
"ते थांबणं."
काल जळकोटला लग्नाचा गोंधळ होता. सगळं नीट. आरती धरायच्या आधी हात थांबला, आपोआप. कुणी म्हणे गोंधळ्याला झटका आला. नवऱ्या मुलाच्या आईनं रडणं काढलं, अपशकुन म्हणून. जळकोटचं बोलणं चार गावांत पोचलं असणार.
"किती थांबलात?" विचारायला नको होतं. विचारलं.
"बत्तीस. मोजल्या न्हाईत. तितक्याच पडल्या."
"मग?"
"मंग धरली आरती. पर बाई, त्या आधी..." पाणी दिलं, उभ्यानंच प्यायला. "काढा ते. पोट हाय माझं ह्या हातावर."
कसं काढतात मला माहीत नाही. ते कुणाच्या तरी आत जायला चाळीस वर्षं लागली. एवढं त्याला सांगितलं. तो म्हणाला, शनिवारी येतो, टेबलावर वाजवून बघू, कुठं अडकलंय ते.
टेबलावरचं पत्र उचलून शालीखाली ठेवलं. सही केलेली नाही.
टेबल पुसून घेतलं.