सुनेची दोरी

१२ डिसेंबर, गुरुवार

आज दोरी जड लागली. दुपारच्या खेळाला वाटलं, हातमोजे ओले असतील. संध्याकाळी कोरडे घातले — तरी तेच!

कोणाला बोलले नाही. सुट्ट्यांचा मोसम सुरू झालाय, शहरात एक नाट्यगृह रिकामं नाही. आमच्याकडे सकाळी शाळांची समूहगीतं, दुपारी आणि संध्याकाळी चांदणीचं संगीत नाटक. अशा दिवसांत दोरीवालीने ‘हात दुखतात’ म्हणायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा.

आणि दोरीच्या टोकाला कोण? आमच्या सूनबाई! रुपेरी झगा घालून त्या चांदणी होतात, गातात, आणि मी बाजूच्या माळ्यावर उभी राहून त्यांना छतापर्यंत उचलते. सगळं थिएटर चिडवतं, “सुनेचा जीव सासूच्या हातात!” मीही हसते. आज हसू आलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा जड.

१५ डिसेंबर, रविवार

दोरीच्या पलीकडे पिंजऱ्यात लोखंडी वजनं असतात, बरोबर सूनबाईंच्या वजनाइतकी. तोल जमला की दोरी अलगद चालते, एका हातानेसुद्धा. दर आठवड्याला तोल बघायचा असतो. तिला वीतभर उचलायचं आणि दोरी सैल सोडायची. ती वर गेली नाही पाहिजे, खाली आली नाही पाहिजे. पण मोसमात कोणाला वेळ! स्टेज मॅनेजर म्हणतो, “मावशी, तोलबिल नंतर. सकाळची गाणारी पोरं अजून स्टेजवरून हलली नाहीत.”

वजनं तीच, दोरी तीच. मग बदललं काय? माझं वय!

घरी मनगट चोळत बसले होते. सूनबाईंनी बघितलं. “आई, हात दुखतोय?” म्हटलं, “छे, कपडे पिळून जरा.” खोटं बोलायला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

१६ डिसेंबर, सोमवार

आज सुटली.

हातभरच. पण सुटली! ती अधांतरी, आणि दोरी माझ्या मुठीतून सरकन गेली. धरली, पूर्ण अंगाचा भार टाकून धरली. खाली वाद्यवृंदात माझा मुलगा ड्रम वाजवतो — त्याचा ठेका चुकला. त्याने वर बघितलं असणार. तिने गाणं सोडलं नाही. सूर जरासा हलला एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, चांदणी अशीच निखळते.

तिला खाली उतरवलं, दोरीला खिट्टी लावली आणि फळ्यांवर बसले. मुलगा धावत वर आला. “आई, काय झालं गं?” म्हटलं, हातमोजा निसटला.

मोजा निसटला नव्हता.

१७ डिसेंबर, मंगळवार

स्टेज मॅनेजरला सांगून टाकलं. माझ्या हातांचा भरवसा उरला नाही, दुसरं कोणी उभं करा. त्याने कपाळाला हात लावला. भर मोसमात माणूस आणायचा कुठून? तेवढ्यात सूनबाई मागून, “दोरीवर आई नसतील तर मी वर जाणार नाही.”

झालं! घरात माझ्या हातचं मीठ नेहमी जास्त पडतं, कपड्यांची घडी वाकडी असते, आणि जीव मात्र बिनधास्त माझ्या हातात! राग यावा की रडू, कळेना. शेवटी डॉक्टरांना हात दाखवायचं ठरवलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी मनगटं वळवली, बोटं दाबली, एक मूठ आवळायचं यंत्र दिलं. काटा बघून म्हणाल्या, “मावशी, तुमची पकड माझ्यापेक्षा जास्त आहे. हात ठणठणीत आहेत.”

आनंद व्हायला हवा होता. बाहेर आले आणि पायऱ्यांवरच बसले. हात ठणठणीत आहेत, तर मग जड काय लागतंय?

ती!

२० डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर तिच्यावर डोळा ठेवला. डबा होता तसा परत आला. गाल बसलेत, डोळ्यांखाली काळं. रंगरंगोटीत दिसत नाही. आणि मोसमात मी तर तिला जास्त करून वरूनच बघते, डोक्यावरचा टोप तेवढा. शिवणवालीला हटकलं, तर ती चाचरली. झगा कमरेत सैल करून घेतलाय म्हणे — “कोणाला सांगू नका म्हणाल्या.”

खाणं नाही आणि वजन वाढतंय. हे मी आधी पाहिलंय. थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. अन्न जाईना, तोंड उतरलेलं, आणि पोटात पाणी साचत गेलं. तीही कपडे गुपचूप उसवायची. तीही म्हणायची, काही नाही गं. आम्ही बसलो ऐकत. वर्षसुद्धा काढलं नाही तिने.

देवा, पुन्हा नको.

२२ डिसेंबर, रविवार

तिला एकटीला गाठलं. “काय होतंय तुला?”

“काही नाही, आई.”

“डॉक्टरकडे चल.”

“मोसम संपू दे.”

“अगं पण —”

“मोसम संपू दे ना, आई!” डोळ्यांत पाणी. उठून गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोर कोण हेच कळेना.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “तू उगाच धसका घेतलायस. थकलीय ती, दिवसाला दोन खेळ आहेत.” ड्रम वाजवून वाजवून त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

आज मी दोरी ओढली नाही.

इतक्या वर्षांत इशारा झाला आणि मी ओढलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. तिच्या पट्ट्याला दोरीची कडी लावणाऱ्याने हात वर केला. तिने नेहमीसारखं “घ्या” म्हटलं. ड्रम सुरू झाला. मी खिट्टी काढलीच नाही. ड्रम वाजतोय, वाजतोय. प्रकाशाचा झोत रिकाम्या हवेत जाऊन उभा. “घ्या!” पुन्हा. मग हळू आवाजात, “आई, घ्या ना!” जीव तुटला माझा. पण हात बांधून उभी राहिले. शेवटी पडदा पाडला.

ती झग्यासकट लोखंडी शिडी चढून माळ्यावर आली. सगळ्यांसमोर ओरडली, “तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही!” म्हटलं, आधी डॉक्टर, मग दोरी. स्टेज मॅनेजर म्हणाला, “मावशी, तुम्ही घरी जा.” विंगेत कोणीतरी कुजबुजलं, सासूने डाव साधला. म्हणू देत.

मी चुकले असेन तर? तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि बरोबर असेन तर? त्याचीच जास्त भीती वाटतेय.

२४ डिसेंबर, मंगळवार

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. मुलाने उद्याची वेळ घेतलीय डॉक्टरांची. का, तर माझं तोंड बंद व्हावं म्हणून. होऊ दे बाबा, बंदच होऊ दे.

२५ डिसेंबर, बुधवार

चौथा महिना!

लग्नाला बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हापासून मुलाबाळांचा विषय आम्ही घरात काढत नव्हतो. माझ्या मनाला तर ही शंकाही शिवली नाही. मुलगा हसतोय, रडतोय, सारखं विचारतोय, “आई, तुला कसं कळलं?” मला कुठे कळलं होतं! मी तिला मरताना बघत होते.

तो औषधं आणायला गेला, तेव्हा ती जवळ येऊन बसली. “मला महिनाभर माहीत होतं, आई. बोलले तर निसटेल असं वाटायचं. आणि वर जाताना तर जीवच जायचा. रोज वाटायचं, आज कोणीतरी मला थांबवावं.”

पाठीत धपाटा घातला तिच्या. हळूच. ठणठणीत हात आहेत माझे, जपूनच मारावं लागतं.