आमसुली चिंधी

बाबा, तुमची ती बारक्या नळीची चकमकीची रायफल नेमबाजीच्या क्लबला परत करून आता किती वर्षं लोटली, तरी कुणी सुती कापड टर्रकन फाडलं की मी मागे वळून बघते. परत करायच्या दिवशी जे घडलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. कदाचित तुम्हाला ठाऊकच असेल, आणि मी उगाच इतकी वर्षं एकटी त्याचं ओझं वाहते आहे.

आधी बेडोकच्या फ्लॅटमधलं ते स्वयंपाकघर आठवतं. रायफल घरी आणायला बंदी, बंदुकीची दारूही क्लबच्या कुलपात. घरी व्हायची ती फक्त चिंध्यांची तयारी. वाटाण्याएवढी शिशाची गोळी नळीत नुसती सोडली तर डळमळते, म्हणून ती तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गजाने ठासायची, हे मी भाजी निवडता निवडता शिकले. तुम्ही खोबरेलात मेण वितळवत असता आणि आई म्हणते, "माझी पळी घेऊ नका हं त्याला." ती ओट्यापाशी उभी राहून आपल्याच जुन्या साड्यांवर औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवते, पेन्सिलीने गोल काढते आणि कापते. जन्मभर जहाजाच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बसवलेला माणूस तुम्ही; प्रत्येक चिंधी खिडकीशी धरून तपासता. "काठ घेऊ नकोस म्हणून कितीदा सांगितलं. काठ जाड असतो, गोळी वाकडी जाते." आईचं उत्तर ठरलेलं: "तुमच्या गोळीला काय कळतंय काठ नि पदर? वाया कशाला घालवायचं?" आणि कातर पुन्हा काठाला भिडायचीच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तुम्ही पुटपुटत असायचात, अर्थात तिला ऐकू जाईल इतपत.

रेंजवर मी तुमच्यासोबत यायची ती निशाणा बघायला नव्हे, चिंध्या वेचायला. गोळीबार थांबला, लाल बावटा उतरला की समोरच्या गवतात जाऊन उडालेल्या चिंध्या गोळा करायच्या. मध्ये जळालेली असेल तर दारू जास्त झाली किंवा कापड पातळ. कडेने कातरली असेल तर गोळी फार घट्ट. "बारक्या बंदुकीला दारू मिठासारखी, आधी कमीच घालावी," असं म्हणत तुम्ही माप किंचित किंचित वाढवत नेत होता. विकतचं जाडंभरडं कापड झालं, तुमचं धोतर झालं, माझे रुमालही झाले. सगळं फाटून आलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या आईच्या साड्याच काय त्या टिकल्या.

मग आई गेली. तुम्ही तिच्या साड्या स्वतः कापू लागलात, पण झाकण ठेवून गोल नाही. सरळ पट्टी फाडायची आणि गोळी नळीच्या तोंडाशी बसवली की उरलेलं सुरीने छाटायचं. त्या दिवसांत मला रेंजची भीती वाटू लागली. वारा कसाही असो, चिंध्या सगळ्या एकाच जागी पडलेल्या असायच्या, कुणी वाळत घातल्यासारख्या. नाकाशी नेल्या की जळक्या गंधकाखाली वाळ्याचा वास. आई साड्यांत वाळ्याच्या जुड्या ठेवायची हे खरं, पण आगीतून गेलेल्या कापडात तो कसा उरावा? मी तुम्हाला विचारलं. "मलाही येतो," एवढंच म्हणालात. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की कागदावर भोकं कुठे पडली ते तुम्ही बघायचंच सोडून दिलं होतं. तुम्हीही चिंध्यांसाठीच येत होता.

साड्या संपत आल्या. उरली ती आमसुली, रुईफुलाच्या काठाची. पुलाउ उबीन बेटावर जाताना बमबोट होडीत तिचा पदर भिजला होता आणि आई दिवसभर तो पिळत हसत होती, ती. मी ती माझ्या कपाटात ठेवली. घडी घातली तेव्हा ती अखंड होती, मी स्वतः बघितलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

"ती आमसुली कुठे आहे?" चहा घेताना तुम्ही विचारलंत.

"ती नाही मिळायची, बाबा."

"एकच पट्टी. आतल्या बाजूची. दिसणारसुद्धा नाही."

"आईचं एवढंच उरलंय घरात. मला हवंय ते."

तुम्ही कप बशीत ठेवलात. "बरं," म्हणालात. "राहू दे. तुझी आई आहे ती." पुढे तुम्ही विकतचं कापड नेत राहिलात आणि चिंध्या जळून, इतस्ततः पडत राहिल्या.

त्या रविवारी मला ऑफिसला जावं लागलं. तुम्ही बार भरला, नेम धरला, मग रायफल हळूच खाली ठेवून तिथेच बसलात, असं मला नंतर कळलं. मी हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या धावपळीत शस्त्रागाराच्या म्हाताऱ्या चिनी रखवालदाराने रायफलची चकमक काढून ती कुलूपबंद केली होती. परत करायला गेले तेव्हा त्याने नळीत गज घातला. तो तळापर्यंत गेला नाही. "लोडेड, लाह," तो हलकेच म्हणाला. "युअर फादर्स लास्ट वन." त्याने पाणी घालून दारू निकामी केली, गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि गोळी बाहेर ओढली. चिंधीच्या चिंध्या झाल्या होत्या. पण रंग आमसुली होता, आणि एका कडेला रुईफुलाचा काठ. तो म्हातारा वाकला, थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "यू स्मेल दॅट?"

मी नाही म्हणाले. वाळ्याचा वास खोलीभर झाला होता.

बाबा, तुम्ही काठ घेतला नसता. जन्मात घेतला नसता. काठाला कातर लावणारी आपल्या घरात एकच होती.

मी आता बुकित बातोकला राहते. साडी सोबत आली, त्याच घडीत. उलगडली तर क्षणात कळेल: आतून पट्टी गेली असेल तर माझी पर्स उघडणारे तुम्ही, आणि काठाशी गोल गेला असेल तर तुम्ही नव्हे. चोर तुम्हीच निघावेत असं मला फार वाटतं. मी तुमच्यावर मनसोक्त रागावेन, मग रडेन, आणि निवांत होईन. त्यासाठी फक्त एक घडी उलगडायची आहे. ती मी अजून उलगडलेली नाही.