चढावर अडलेली गाडी

अहो,
साष्टांग नमस्कार गुडघ्यांना झेपत नाही, साधाच घ्या.

लेकीच्या घराजवळच्या बागेतलं, माणसांचे डबे ओढणारं कमरेएवढं वाफेचं इंजिन आज मी एकटीने चालवलं. परीक्षाच होती. नापास झाले असते तर पुन्हा डबे पुसत बसावं लागलं असतं.

चढावर चाकं जागीच गरगरली. मागून एक उतारू म्हणाला, "आजी, उतरून ढकलू का?"

"जागचे हलू नका," मी म्हटलं. ब्रेक लावला, रुळांवर वाळू टाकली, ब्रेक सैल करत हळूच इंजिनाला वाफ दिली. गाडी निघाली! परीक्षा घेणारे फोरमन म्हणाले, "रविवारची गाडी आता तुमची."

म्हणजे माझं परतणं महिनाभर लांबलं. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? उभ्याउभ्या जेवू नका. करमत नसेल तर सरळ इकडे या. तिकिटं फाडायला माणूस हवाच आहे.

तुमची,
ड्रायव्हरीणबाई