शेवटच्या बाकावरचा हात

सिस्टर, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मुद्दाम मराठीतच लिहितेय. निदान तुम्ही माझं व्याकरण तरी तपासणार नाही.

नाटकाची तालीम म्हटलं की अजून आपला शाळेचा हॉल दिसतो. खिडकीबाहेर सिल्व्हर ओक, तिरप्या उन्हात तरंगणारी धूळ, आणि पार शेवटच्या बाकावर तुमचा पांढरा झगा, कुणी वाळत घालून विसरून गेल्यासारखा. माझं वाक्य तिथवर पोचलं नाही की तुमचा हात वर होतो. एकदा मी रडवेली होऊन ओरडलेच, तेव्हा म्हणालात, "मी बहिरी नाही, लांब बसलेय. लांबच्या माणसाशी बोलायला शीक." शिकले. पुढे कचेरीत माझा आवाज वरच्या मजल्यावर ऐकू जायचा. आणि बनशंकरीच्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी बसून, हात वर करकरून मी तेच माझ्या नातीला शिकवलं.

ती आता सिनेमात काम करते. आधी एका जाहिरातीत कॉफी ढवळणारा तिचा नुसता हात होता. मग एका मालिकेत आठवडाभर बेशुद्ध होती, आम्ही जेवताना पाहायचो आणि मी म्हणायचे, "छान पडली आहेस." शेवटी बोलायची भूमिका मिळाली, तर पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत विचारलं, हे काय शाळेचं गॅदरिंग आहे? भूमिका गेली. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या पलीकडे, अभिनयाच्या एका वर्गाला जायला लागली. तिथे केसांचा बुचडा बांधलेला एक मास्तर पोरांना महिनाभर एकमेकांकडे नुसतं बघत बसवतो. याला शिक्षण म्हणायचं! बघत बसायला आमची गच्ची काय वाईट होती?

"अज्जी, स्वल्प हळू बोलायचं असतं," नाकासमोर तळहात धरून ती तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. "कॅमेरा इथे असतो. तो लांब नसतो."

"म्हणजे मी तुला बिघडवलं, असंच ना?"

ती माझ्याकडे नुसती बघत बसली. हे बघत बसणंही तिथलंच शिक्षण. मला संताप आला, माझ्या वतीने आणि तुमच्याही.

परवा तिचा पहिला सिनेमा दाखवला. मी हट्टाने शेवटच्या रांगेत बसले. के. आर. पुरमच्या फलाटावर ती आईचा निरोप घेते, एवढाच तिचा प्रसंग. गाडी दिसतच नाही. भिंतीएवढा तिचा चेहरा, आणि जेमतेम हललेले ओठ. माझे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत. पण पुढच्या सगळ्या डोक्यांवरून, त्या अंधारातून, काहीतरी तरंगत आलं आणि माझ्यापाशी येऊन थांबलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत काही पांढरं आहे असं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलं असतं.

दिवे लागले तशी ती रांगा ओलांडत माझ्याकडे धावत आली. "अज्जी, इथपर्यंत ऐकू आलं?"

"आलं की! मी काय बहिरी आहे?"

ती तिथेच खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसत सुटली.

हे पत्र कुठे टाकू? तुम्ही आहात तिथवर टपाल जात नाही. कपाटात, साड्यांखाली राहील. तुम्हाला म्हणून सांगते सिस्टर, मला एक शब्दही ऐकू आला नव्हता. तरी माझा हात मांडीवरून वर गेला नाही.