सात नंबरच्या दुकानाचं कपाळ

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या दुकानांच्या रांगेला म्हातारपणी चांगले दिवस यायची चिन्हं आहेत. परवा पालिकेच्या वारसा विभागातली एक पोरगी मोजपट्टी आणि वही घेऊन आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ट्राम या उपनगरापर्यंत आली, तेव्हा ही अकरा दुकानं एकाच कारागिराच्या हातून बांधली गेली, असं तिनेच सांगितलं. दार काचांपेक्षा आत का घेतलंय, ठाऊक आहे? गिऱ्हाइकाला पावसात न भिजता दोन्ही बाजूंचा माल बघता यावा म्हणून! मी तिथे चाळीस वर्षं केर काढतेय, पण हे कधी डोक्यातच आलं नाही. दोन नंबरच्या न्हाव्याने तर फोटो निघेल या आशेने मिशासुद्धा कोरून घेतल्या.

आता खरी गोष्ट. वारसा यादीच्या अटींत दहा दुकानं बसतात, फक्त आपलं बटणांचं दुकान नाही. दर्शनी भाग पार बदललाय म्हणे. आणि आपलं गळलं की रांग तुटते, पलीकडची चारही यादीबाहेर राहतात. मग ती चार पाडून गाड्यांसाठी जागा करायचा एका बिल्डरचा अर्ज मंजूर होईल. बेकरीवाल्या मावशी त्या चारांतल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्या पावाकडे बघतात.

बदललाय म्हणजे, सगळ्यांच्या दाराच्या वर रंगीत काचांची पट्टी आहे आणि आपल्या दारावर तुझी पाटी. ती तुझ्या हातची पहिली पाटी. भावाला विचारल्याशिवाय तिला हात लावणार नाही, असं मी त्या मुलीला सांगितलंय.

वहिनींना नमस्कार. रागवायचं तर भरपूर रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी


१५ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तरी तू चिमीच. अगं, जन्मभर पाट्या रंगवल्या, त्यांतली सगळ्यांत भिकार ती! अक्षरं एकमेकांना धक्के देत बसमध्ये चढल्यासारखी. ताबडतोब उतरव. मीच येणार होतो, पण शिडीचं नाव काढताच तुझ्या वहिनीने गुडघ्याचा एक्स-रे पुढे ठेवला.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, नुकताच शिकून आलेला. या जुनाट काचा काय मिरवता, असं म्हणत बाबांच्या मागे लागलो. दोन महिने त्यांनी नुसतं हं हं केलं. मग एका रविवारी म्हणाले, काचांचं मी बघतो, तू दुपारी पाटी घेऊन ये. मी आलो तेव्हा तिथे गोणपाट ठोकलेलं होतं. काचा फोडल्या असणार. मी विचारलंसुद्धा नाही, आपल्याच अक्षरांवर खूश होतो. तुझं पत्र वाचून ते आठवलं. पाटी काढून निदान तुझी अडचण सरो. मावशींना सांग, अपराधी मी आहे.

जपून राहा. शिडीवर तू चढायचं नाहीस.

तुझा दादा


२८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. काचा आहेत!

न्हाव्याने आणि मावशींच्या जावयाने पाटी उतरवली. गोणपाट सोडवलं, तर आत आपल्याच दुकानातलं अस्तराचं निळं कापड, चार पदरी. त्याखाली एकेक काच जागच्या जागी, कडेने लोकर भरलेली. एकही खिळा चौकटीत मारलेला नाही, सगळे बाजूच्या फळीत. एका काचेला तडा, बाकी सगळ्या धडधाकट. वारसावाली पोरगी शिडीवरूनच म्हणाली, ज्यांनी हे झाकलं त्यांना ते कधीतरी उघडायचं होतं. बाबांनी तुलाही दुखावलं नाही आणि काचांनाही.

पालिकेच्या वारसा समितीने काल अकराच्या अकरा दुकानं यादीत घेतली, बिल्डरचा अर्ज फेटाळला. मावशी पुन्हा माझ्याकडे बघून बोलतात, जरा जास्तच बोलतात. आता दाराला रंग द्यायचा तरी परवानगी लागणार. मिशांना लागते का, असं न्हाव्याने विचारून घेतलं.

गुडघा बरा झाला की या दोघं. तोवर आठवण राहू दे.

तुझी धाकटी


६ मे

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. अस्तराच्या कापडापाशी पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी बाबांना पटवलं. त्यांनी मला नुसतं सांभाळून घेतलं होतं गं.

काल इथल्या बाजारपेठेत भाजी आणायला गेलो. तीही आपल्या रांगेच्याच काळातली. इतक्या वर्षांत पाट्या लावायला शेकडो वेळा शिडीवर चढलो असेन, पण पाटीच्या वर काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. काल फुटपाथवर उभा राहून बघितलं. पायरीपायरीने चढत गेलेली भिंत, कोपऱ्यावर गोल खिडकी, तिच्यात एक कबूतर. एक बाई थांबून विचारायला लागल्या, काय झालं? म्हटलं, काही नाही, वर बघतोय. त्याही बघायला लागल्या. मग चांभार बाहेर आला, मग औषधवाला. पाच मिनिटांत आम्ही सात जण माना वर करून उभे, आणि भाजी आणायची राहूनच गेली.

तुझा दादा