चार फुलांची ढाल

आई, मागच्या अंगणातल्या तुझ्या कोळशाच्या डब्याचं झाकण म्हणजे बाबांची चोरीला गेलेली ढाल होती, हे मला परवा कळलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुठे तुझ्यावर संशय घ्यायची वेळ आली.

डबा पार गंजला होता, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने आधी झाकण उचललं, बोटांनी ठोकून कान लावला आणि डबा तसाच सोडून म्हणाला, "दीदी, ये अकेला दे दो." डबा नको आणि झाकण हवं, हे मला खटकलं. त्याला वाटेला लावलं आणि कापूस, थिनर घेऊन बसले. बाबांच्या तलवारी, कट्यारी जपता जपता माझाही हात बसला आहे. पावसाळा संपला की प्रत्येक पात्यावरून मशीनचं तेल फिरवते, म्यानांत ओल राहिली नाही ना ते बघते. झाकणावरून आधी काळा रंग निघाला, त्याखाली आपल्या स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा, आणि त्याच्याही खाली पोलादात बसवलेली सोन्याची वेल. कोळशाला हवा लागावी म्हणून पाडली असतील असं मला वाटायचं, ती चार भोकं म्हणजे ढालीच्या चार फुलांची जागा होती. ज्यांना मागची मूठ अडकवतात, ती गोल फुलं. ती मात्र नव्हती.

मी आठवीत होते. बाबा तुकोगंजच्या ऑफिसातून येतात आणि बैठकीतल्या भिंतीवर नुसता खिळा दिसतो. ती ढाल मुळात काकांच्या, म्हणजे बाबांच्या मित्राच्या, घरची. त्यांचे पणजोबा दरबारच्या फौजेत होते. घरात सांभाळणारं कोणी नाही, म्हणून काकांनी ती विश्वासाने बाबांकडे ठेवलेली. दर रविवारी दोघं मित्र अंगणात सतरंजी टाकून हत्यारं पुसायचे. त्या संध्याकाळी तू काकांबद्दल एवढंच म्हणालीस, "काल भावजी येऊन गेले." बाकी सगळं बाबांच्या मनाने केलं. ते सराफ्यात दुकानोदुकानी विचारत फिरले, की सोन्याच्या कामाची ढाल कोणी विकायला आणली होती का. परत आले तेव्हा तू त्यांना पाणी दिलंस आणि विचारलंस, काही कळलं का? पुढे एका श्राद्धाच्या जेवणाला बाबांनी काकांना चार लोकांत चोर म्हटलं. काका अर्ध्या ताटावरून उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर कधीतरी पेरू काढायला मी त्या झाकणावर चढले, तर दंड धरून तू मला खाली ओढलंस. "त्याच्यावर पाय ठेवलास तर याद राख." मला वाटलं, मी पडेन म्हणून रागावलीस.

काका अजून आहेत. परदेशीपुऱ्यात मुलाकडे असतात, फार थकलेत. मी झाकणाचा विषय काढलाच नाही. नुसतं विचारलं, बाबांची ती ढाल आठवते का. ते उठून आत गेले आणि फडक्यात बांधलेली चार फुलं माझ्या हातावर ठेवली. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की म्हणजे बाबा बरोबर होते.

त्यांनी सांगितलं ते असं. बाबांचे साहेब आपल्याकडे जेवायला आले होते, त्यांना ती ढाल आवडली आणि बाबा म्हणाले, तुम्हालाच देतो, दोन दिवसांत घरी पोचवतो. "बेटा, चीज माझ्या घरची, आणि मला विचारलंसुद्धा नाही," काका म्हणाले. तूच त्यांना बोलावून घेतलंस. त्यांनी फुलं खोलली, तू रंग दिलास. साहेबांची बदली झाली की ढाल परत लावायची, असं ठरलं होतं. फुलं त्यांच्याकडे, ढाल तुझ्याकडे, म्हणजे कोणा एकाला विकता येणार नाही. ही अट तुझी. म्हणजे त्यांच्यावरही तू पुरता विश्वास टाकला नव्हतास.

"मग बदली झाल्यावर?"

"तोवर तो मला चोर म्हणून मोकळा झाला होता. वहिनी बोलल्या असत्या तर त्यांना त्या घरात राहणं मुश्किल झालं असतं. मीच म्हटलं, रहने दो."

बाबा गेल्यावर तू एकदा त्यांच्याकडे गेली होतीस म्हणे, आता लावा परत, असं सांगायला. तेच नाही म्हणाले; त्या घराची पायरी पुन्हा चढायची नव्हती त्यांना. हे खरं, की तुझी बाजू सावरायला आत्ता रचलेलं? रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी हेच उलटंपालटं करत होते. तू एकटी परदेशीपुऱ्यापर्यंत जाशील हे मला पटत नाही. पण तू नवऱ्याच्या नाकासमोर त्याची ढाल कोळशावर ठेवशील, हे तरी कुठे पटलं असतं?

काल ढाल चादरीत गुंडाळून त्यांच्याकडे नेली. त्यांनी फुलं बसवली, चारही नीट बसली. तुमची आहे, ठेवून घ्या, म्हटलं. आधी नको म्हणाले. मग म्हणाले, चार दिवस राहू दे. मी ती तिथेच ठेवून आले. निघताना मागे वळून दोनदा पाहिलं, हेही सांगते.

एक गोष्ट मात्र सलते. त्या डब्याशेजारी बसून मी तुझ्याबरोबर मटार सोलायची, तुझ्या पोटची मुलगी, आणि तू मला कधी काही कळू दिलं नाहीस. मी गप्प राहिले असते, असं ठणकावून लिहायलाच बसले होते. पण हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, तर खरं लिहिते. मी बाबांना सांगितलं असतं. त्याच संध्याकाळी.