‘अ‍ॅड’ लिहिलंस का?

१२ फेब्रुवारी, सोमवार

इतिहासाने नोंद घ्यावी — आज सकाळी पावणेदहा वाजता माझा नवा करडा स्वेटर एका चिकटपट्टीला बळी पडला. गुन्हेगार: ऑरेस्ट डुबिक. स्वतः हजर नव्हता, पण हस्ताक्षर त्याचंच!

कर्लिंग रिंकच्या (बर्फावर जड दगड सरकवत मधोमध पोचवायचा आमचा खेळ) मागच्या कपाटात वाकले होते, नेटवर्कच्या स्विचवरचा नंबर वाचायला. बाही चिकटली. ओढली, तर स्विचवरचा कागद लोकरीसकट हातात आला. त्यावर जाड शाईत — ‘अ‍ॅड लिहिलंस का?’ अकरा वर्षं तो तिथे आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या ऑरेस्टला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गावाच्या नेटवर्कवर अजून त्याच्याच पाट्या. ‘हे ओढू नये.’ ‘हेही ओढू नये.’ ‘हा दिवा लालच असतो, घाबरू नये.’ कागद बॅगेत कोंबला. बाही मांजराने चघळल्यासारखी दिसते.

कपाटात दोरीने बांधलेली नोंदवही आहे, तीही त्याचीच. चाळली. अकरा वर्षांपूर्वीचा तो गुरुवार आहे — ‘रिंक चार तास बंद. चूक: ऑरेस्ट.’ ऐन स्पर्धेच्या दिवशी! मी तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे. परतले तर हा सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगत होता, ‘माझ्या हातून झालं.’ माझा गाल बधिर होता, जीभ नव्हती. संध्याकाळपर्यंत मी गावाला नवं क्रियापद दिलं — ऑरेस्टणे. दूध उतू गेलं, ट्रक खड्ड्यात गेला, लग्नात भलत्याच बाईला मिठी मारली — ‘ऑरेस्टलं!’ आज अख्खं गाव वापरतं. माझी भाषेची एकमेव सेवा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन उचलून ‘नॅडीन कोझार, नेटवर्क,’ एवढं म्हणेपर्यंत मार्लीन सुरू झाली. ती म्हाताऱ्यांचं लॉज चालवते. ऑरेस्ट डिसेंबरपासून तिच्याकडे आहे, खुब्याचं हाड मोडून. शनिवारी रिंकवर अंतिम सामना, आणि त्याची नात लॅरिसा कर्णधार. मार्चमध्ये ती कायमची हॅलिफॅक्सला जाणार. म्हणजे इथल्या बर्फावरचा तिचा हा शेवटचा सामना. रिंक समोरच, रस्ता ओलांडला की आलं. पण उणे एकतीस, निसरडं आणि नवा खुबा — डॉक्टर नाही म्हणाले.

‘रिंकमध्ये कॅमेरा आहे, आमच्याकडे टीव्ही आहे. एक वायर टाका की!’

‘वायर आहे गं, रस्त्याखालून. टाउन ऑफिसमार्गे.’

‘मग अडलंय कुठे?’

सांगितलं. त्या एकाच वायरीतून रिंकचे फोन, कार्ड मशीन, बर्फाच्या यंत्राचा अलार्म, सगळे जातात. पण एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाचा नंबर वेगळा, त्याला व्हीलॅन म्हणतात. सगळ्यांना वाहून नेणारी वायर म्हणजे ट्रंक. कुठले नंबर तिच्यातून सोडायचे, त्याची यादी स्विचमध्ये असते. कॅमेऱ्याचा नंबर साठ. तो यादीत नाही.

‘म्हणजे आमच्या जेवणाच्या खोलीसारखंच! खोली एक, टेबलं चार, कोणी कोणाशी बोलत नाही.’

वीस वर्षांत इतक्या पटकन कोणाला कळलं नव्हतं.

मग फोनवर ऑरेस्ट. ‘पोरी, जमेल ना? तिच्या हातात पहिला दगड मी दिला होता. शेवटचा बघायचाय.’

‘जमेल. तुम्ही फक्त ऑरेस्टू नका.’

हसला. या विनोदाला तो नेहमी हसतो. इतका शिळा, तरी!

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस ते लॉज — झालं! साठ नंबर यादीत. तिकडचे स्विच नवे आहेत, माऊसने टिचकी मारली की खूश. उरला रिंकचा म्हातारा स्विच. त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागतात. दहा मिनिटांचं काम.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

यापुढे मी ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणाले, तर कोणीतरी माझं तोंड दाबावं.

बारा वाजता, ऑफिसातल्या खुर्चीत बसूनच, रिंकच्या स्विचला दोन ओळी एकदम पाठवल्या. ट्रंकवरून साठ नंबर जाऊ दे. सेव्ह कर. एंटर.

स्क्रीन थिजली.

‘अ‍ॅड’! ‘अ‍ॅड साठ’ म्हटलं, तर स्विच साठ नंबर जोडून घेतो. नुसतं ‘साठ’ म्हटलं, तर त्याला वाटतं — फक्त साठ, बाकीचे सगळे चालते व्हा. त्या बाकीच्यांत मीही होते. आणि वर सेव्हसुद्धा केलेलं! शहाणी बाई.

रिंकचा मॅनेजर वेड, स्वतःच्या मोबाइलवरून: ‘नॅडीन! फोन मेले, कार्ड मशीन मेलं, अलार्म मेला, आणि तीस माणसं बर्गर हातात घेऊन माझ्याकडे बघतायत!’

‘कॅमेरा चालू आहे का?’

‘कॅमेरा झकास आहे! माझी फजिती थेट दाखवतोय!’

खरंच दाखवत होता. कारण पुढचा फोन लॉजमधून — ऑरेस्ट. ‘टीव्हीवर वेड पंख फडफडवतोय. अ‍ॅड राहिलं का गं?’

टोपी न घालता रिंकवर पळाले. कान अजून आपले वाटत नाहीत. कपाटात गुडघ्यांवर बसून लॅपटॉप थेट स्विचला जोडला, फोन खांद्यात धरला.

‘थांब,’ ऑरेस्ट म्हणाला. ‘मोडलंय तसं आधी कॉपी करून ठेव. मग दुरुस्त कर.’

‘वेड माझा बर्गर करेल! कॉपी कशाला आता?’

‘नंतर माणूस विसरतो, काय घडलं होतं ते. ठेव म्हणतो ना.’

ठेवली. मग यादीतले जुने नंबर त्यानेच सांगितले, डोळे मिटून सांगावेत तसे. ‘दहा, वीस, तीस, पन्नास.’

‘आणि चाळीस?’

‘चाळीस फायर हॉलला दिला होता. त्यांनी रागाने परत केला. मोठी गोष्ट आहे, उन्हाळ्यात सांगेन.’

लिहिलं. ‘अ‍ॅड’ धरून लिहिलं, दोनदा वाचलं. बारा चाळीसला कार्ड मशीन पिपाणी वाजवून जिवंत झालं आणि तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला नव्हे, मशीनला.

दारात वेड. ‘कोणी केलं हे?’

फोन अजून कानाशीच. ऑरेस्ट हळूच म्हणाला, ‘माझ्यावर ढकल. माझं नाव नाहीतरी त्याच कामाला लागलंय.’

आणि मी म्हणाले, ‘जुनी जोडणी आहे रे. ऑरेस्टच्या वेळची.’

‘ऑरेस्टलं म्हणजे!’ वेड खूश. मला एक बर्गर फुकट दिला. खाल्ला. घशातही अडकला नाही, हे जास्त वाईट.

१७ फेब्रुवारी, शनिवार

जिंकली! शेवटच्या दगडावर!!

टीव्हीवर चित्र आठ सेकंद उशिरा पोचतं, म्हणून ऑरेस्टने सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात घालून डबा मांडीवर धरला होता. ‘जो आधी निकाल सांगेल, त्याच्या पेरोगी जप्त!’ मार्लीनने दोनशे पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकडल्या होत्या, वर कांदा. जेवणाच्या खोलीतली चारही टेबलं जोडली होती. (‘अ‍ॅड केली,’ मार्लीन मला म्हणाली. बाईला नोकरी द्यावी.)

सहाव्या फेरीत लॅरिसाने दगड जोरात सोडला, तेव्हा ऑरेस्ट टीव्हीला शिव्या देत होता. ‘हळू! हळू गं! आजोबाचं ऐकू नकोस, बर्फाचं ऐक!’ शेवटचा दगड निघाला, तेव्हा मात्र डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. दगड वळला, आडव्या आलेल्या दगडाला निसटता लागून मधोमध थांबला. डब्यातले फोन सगळे एकदम थरथरायला लागले, आणि ऑरेस्टसुद्धा.

‘सहावी फेरी वाईट खेळली,’ डोळे पुसत म्हणाला.

जाताना माझी बाही धरली. ‘मांजर पाळलंस की काय?’

‘तुमची चिकटपट्टी!’

‘कागद कुठेय?’

‘बॅगेत.’

‘टाकू नकोस,’ एवढंच म्हणाला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

फॅमिली डेची सुट्टी. ऑफिसात एकटीच. शुक्रवारची कॉपी सर्व्हरवर ठेवायला गेले. ऑरेस्टने त्यासाठी फोल्डर केलेलं आहे, नाव ‘मोडकं’. आत एकच फाइल — रिंक, अकरा वर्षांपूर्वीचा तो गुरुवार. शेवटचा बदल कधी झाला आणि कोणी केला, हे स्विच वरच्या ओळींतच लिहून ठेवतो.

११ वाजून ५२ मिनिटं. एन. कोझार.

साडेबाराची दाताची वेळ होती. स्क्रीन थिजली होती — आता आठवतं. मी कॉम्प्युटर बंद करून पळाले होते.

कागदावर ‘अ‍ॅड लिहिलंस का?’ — स्वतःला कोणी असं विचारत नाही.

रिंकवर गेले. कागद लोकरीसकट जागेवर लावला, नव्या पट्टीने. तेवढ्यात काउंटरवर वेडच्या हातून कॉफी सांडली. ‘ऑरेस्टलं!’

‘नॅडीनलं,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘आजपासून तसं म्हणायचं. शुक्रवारचंही तेच. त्याच्या आधीचंही.’

कपाटातली वही उघडली. ‘चूक’पुढचं नाव खोडलं, माझं लिहिलं. तारीख होती तीच ठेवली.